रात्याचं बी

बाय, काल तुझं तेरावं झालं. माणसं जेवून गेली. तुझी लेक उलव्याला परतली, माझा मुलगा पुण्याच्या गाडीत बसला. जाताना दोघांनी मला एकच विचारलं, एकटी राहशील ना? मी दोघांनाही हो म्हटलं. खोटं बोलायची मला हल्ली सवय लागली आहे आणि ती कशी लागली हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

आज सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि सवयीने मान खाली घातली. करंजाड्याच्या या दोन खोल्यांत आपण राहायला आलो तेव्हापासून गॅलरीतल्या कडीला मुडी टांगलेली असायची. पेंढ्यात घट्ट वळून बांधलेली ती बियाण्याची गठडी इतकी खाली यायची की कपडे वाळत घालताना डोक्याला लागायची. मी दर वेळी चिडायचे. तू म्हणायचीस, "वाकून जायाला काय होतंय तुना?" आज सकाळी यंदाचीही मुडी तिथेच होती. मीच बांधली, मीच टांगली. तिच्यात काय होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही. आज सकाळी मी कुठे जाऊन आले तेही सांगायचं आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते सांगता यायचं नाही.

तू माझी मोठी जाऊ. मी पनवेलच्या बाजारपेठेतली, शाळामास्तरांची मुलगी, पुढे स्वतःही मास्तरीण झालेली. माझ्या माहेरी मोठ्या जावेला अहो-जाहो करायची पद्धत. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी "जाऊबाई, तुम्ही..." असं काहीतरी म्हणाले, तर चुलीपुढून तू वळून बघितलंस. "मना तुमी-बिमी नको. बाय बोल, नायतर हाक मारू नको." मी बाय म्हटलं. ते आजपर्यंत.

मला तुझी भीती वाटायची. तू शाळेत गेली नव्हतीस आणि मी सगळ्यांत शिकलेली सून, तरी तुझ्यापुढे आपल्याला काही येत नाही असंच वाटायचं. खाडीकाठच्या खारातलं शेत तू चालत जाताना नुसतं बघायचीस आणि सांगायचीस, आठ दिवसांनी. आठव्या दिवशी कापणी व्हायची. मी विचारायचे, कशावरून? तू म्हणायचीस, "दिसतंय ना." मला कधीच दिसलं नाही, बाय. मला फक्त मोजता यायचं.

त्या शेतात तू राता लावायचीस. खाडीचं पाणी बांध फोडून आत आलं तरी तग धरणारं, आत लाल दाणा असलेलं जुनं भात. ते बी तू लग्नात माहेरून ओटीत घेऊन आली होतीस आणि तुझ्या माहेरचं शेत तर केव्हाच भरावाखाली गेलं. मग आपलाही गाव उठला. जमिनी विमानतळात गेल्या, आपण इथे आलो, आपल्या दोघींचे नवरे एकामागून एक गेले. उरलं काय, तर बांधाआतला तो एक तुकडा आणि त्यातला राता. आसपास सगळ्यांनी सोसायटीतून पिशवीचं बी आणायला सुरुवात केली होती. तुझा राता दुसऱ्या कोणाकडेच राहिला नव्हता. तू आजारी पडलीस तेव्हाही तुला तुझ्या छातीत झालेल्या पाण्याची काळजी नव्हती. तुला काळजी होती ती यंदाच्या बियाण्याची.

राता फार गळतो. पिकून वाकला की नुसता वारा आला तरी दाणे खाली. म्हणून तुझी ती रीत. कापणीच्या आधी एका सकाळी, दव असताना, तू एकटीच विळा घेऊन शेतात शिरायचीस. बांधाकडच्या लोंब्यांना हात लावायचा नाही, तिथे शेजारचं मिसळलेलं असतं. मधोमध जाऊन एकेक लोंबी निवडायची, कापायची आणि टोपलीत न टाकता ओटीत घ्यायची, म्हणजे सुटलेला दाणासुद्धा पदरातच राहतो. ऊन चढायच्या आत परत. मग बाकीच्यांनी कापायचं ते कापा. बियाण्याच्या लोंब्या तू कधी झोडल्या नाहीस, गोणपाटावर टाकून पायांनी हळूहळू मळायचीस. मी विचारलं होतं, एवढी नाजूक कामं कशाला? "त्याच्या आत जीव हाय," म्हणालीस, "मार कशाला देयाचा?" शेवटी दाणा दाढेखाली धरून चावायचीस. कट् असा आवाज आला की वाळलं. मग आतला लाल रंग मला दाखवायचीस, जसं काही मी पहिल्यांदाच बघते आहे.

आणि आपलं ते भांडण. शाळेला सुट्टी होती म्हणून मी तालुक्याच्या गावी शेतीच्या एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथे शिकवलं की बांबूच्या चार काठ्यांची एक मीटरची चौकट करायची, शेतात कुठेही टाकायची आणि आत पडलेले दाणे मोजायचे. उभ्या पिकातून किती गळले, कापताना किती, भारे बांधताना किती. मी घरी येऊन लगेच चौकट बांधली. कापणी झाल्यावर सगळं शेत मी ओणव्याने मोजलं, वहीत लिहिलं आणि संध्याकाळी तुला वाचून दाखवलं की बाय, आपलं इतकं नुकसान होतं. तू तांदूळ निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "गेला कुठं? आपल्याच शेतान हाय ना?"

"घरात नाही आलं म्हणजे गेलंच," मी म्हणाले.

"सगला घरानच येयाला पायजे काय?"

मग तू मला सरव्याबद्दल सांगितलंस. कापणीनंतर शेतात जे पडून राहतं, दाणे, तुटक्या लोंब्या, तो सरवा. आपल्या घरच्यांनी तो वेचायचा नाही. तो पाखरांचा आणि वाडीवरून येणाऱ्या बायांचा. मला ते पटलं नाही. मी म्हणाले, दानधर्म करायचा तर मापाने करावा, मातीत कशाला सांडावा? तू हसलीस. वर असंही म्हणालीस की जो दाणा पुरता पिकतो तोच आधी गळतो. मी ते लगेच पकडलं. बघ, म्हणजे सगळ्यांत चांगलं तेच आपण घालवतो! तू निवडलेले तांदूळ घेऊन आत गेलीस. पुढे दर वर्षी मी चौकट टाकायचे आणि दर वर्षी तू विचारायचीस, "मास्तरनी, काय निकाल?" त्या भांडणाची मला इतकी सवय झाली होती की ते संपेल असं कधी वाटलंच नाही.

दसऱ्यानंतर तुला ॲडमिट केलं. तेव्हा राता वाकायला लागला होता. पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, "चार दिवसांनी बी काप. पयले बी, मग बाकी." मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी तुझं पाणी काढलं. मी तिथून हलले नाही. पाचव्या दिवशी तुला ताप होता. सहाव्या दिवशी डॉक्टर येणार होते. बाय, मी सबबी सांगत नाही, दिवस कसे गेले तेवढं सांगते आहे. शेताकडे जायला बारा-तेरा दिवस लागले. तेही मी गेले ते सकाळी नाही. शेजारच्या शेतावर मशीनने गवत कापणारी दोन माणसं आली होती, ती म्हणाली, दुपारी मोकळे आहोत, तुमचंही उडवून टाकतो. मला वाटलं, चला, एकदाचं होऊन जाईल.

भर उन्हात ते पातं फिरायला लागलं आणि लोंब्या हलून दाणे खाली पडायला लागले. सर सर आवाज येत होता, मशीनच्या घरघरीतूनही ऐकू येत होता. आणि मी बांधावर उभी राहून फोनवर तुझ्या रिपोर्टचं बोलत होते. बियाण्याच्या लोंब्या आधी काढायच्या असतात हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आठवलं तेव्हा मधला सगळा भाग आडवा झाला होता. मी ओरडले, थांबा, थांबा. त्यांना वाटलं, साप निघाला.

पुढचं त्याहून वाईट. जे काही हाताला लागलं ते त्यांनी शेजाऱ्याच्या मळणीच्या मशीनमध्ये घातलं. त्यात त्याचं पांढरं भात नुकतंच मळून झालं होतं, मशीन कोणी झाडलं नव्हतं. गोणीत माझ्या हातात आलं ते सगळं मिसळलेलं. वरून टरफल सारखंच, आत काही लाल, काही पांढरं. तुझ्या लग्नापासून जे तू कशात मिसळू दिलं नाहीस ते मी एका दुपारी मिसळून टाकलं. चौकट टाकायची हिंमतच झाली नाही. आयुष्यभर ज्याने त्याने किती सांडलं ते मोजत आले, आणि स्वतःचं मोजायची वेळ आली तेव्हा खाली मान घालून रिक्षात बसले.

घरी येऊन मी त्याच गोणीतलं भात उन्हात वाळवलं आणि पेंढ्यात वळून मुडी बांधली. चांगली बांधली. आणि एक मूठ रुमालात घेऊन तुझ्याकडे आले.

"बी ठेवला?" तू विचारलंस.

"ठेवलं," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, "तुझ्यासारखंच. सकाळी जाऊन, ओटीत."

ते "ओटीत" मला गिळून टाकावंसं वाटतं गं, बाय. तुला बरं वाटावं म्हणून बोलले असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. मला तुझ्यापुढे पुन्हा पहिल्या दिवसाची सून व्हायचं नव्हतं.

तू रुमालातला एक दाणा घेतलास आणि चावलास. मी तुझी चादर नीट करत होते. मग दुसरा चावलास. आवाज दोन्ही वेळा आला. वाळलं होतं, त्यात मी चूक केली नव्हती. मग म्हणालीस, "बरा केलास." आणि चष्मा काढून डबीत ठेवलास.

दुसऱ्या दिवशी वाडीवरची हिराबाई तुला भेटायला आली. आपल्या शेतात वर्षानुवर्षं सरवा वेचणारी, तुझ्याच वयाची. तू मला खाली चहा आणायला धाडलंस. मी म्हणाले, इथेच मिळतो की. तू म्हणालीस, खालचा चांगला. मी तीन पेले घेऊन वर आले तर तुम्ही दोघी गप्प बसला होतात. मला वाटलं, म्हाताऱ्या बायका, काय बोलणार. त्यानंतर सहाव्या दिवशी तू गेलीस. मी जवळ होते. शेवटपर्यंत सांगेन, आज सांगेन, असं म्हणत होते. तू झोपलीस की हायसं वाटायचं, जागी झालीस की मी औषधांचं काहीतरी काढायचे. राहिलं ते राहिलंच.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलची पिशवी रिकामी केली. तुझं लुगडं, कंगवा, औषधांच्या पट्ट्या. चष्म्याची डबी उघडली तर आत चष्म्याखाली कागदाची पुडी. पुडीत भाताचे दोन चावलेले दाणे. एक आत लाल. दुसरा पांढरा.

मी जमिनीवर बसले. पाहुणे बाहेरच्या खोलीत होते, कोणीतरी विचारलं, काय झालं, काकी? तुझी लेक धावत आली. सगळ्यांना वाटलं, तुझ्या आठवणीने रडते आहे. तसंही होतं. पण मी लाजेने रडत होते. तुला सगळं कळलं होतं. दोन दाण्यांत कळलं होतं, की मी सकाळी गेले नाही, ओटीत घेतलं नाही, मशीनमध्ये घातलं. आणि तरी म्हणालीस, बरा केलास. ते तू रागाने म्हणालीस की मायेने? गेले नऊ दिवस मी हेच विचारते आहे. घरात माणसं होती तेव्हा निदान भांड्यांचे आवाज होते. काल रात्री सगळे गेल्यावर फ्रिज बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तेवढाच आवाज. तुझं खोकणं मला झोपू देत नाही म्हणून मी किती कुरकुर केली होती.

आज सकाळी दव असताना मी शेतावर गेले. घरच्यांनी सरवा वेचायचा नाही हे तुझं म्हणणं मोडायचं ठरवूनच गेले. मशीनमध्ये मिसळलं ते घरी आलेलं. शेताच्या मधोमध जे गळून पडलं ते तर निव्वळ राता होता. हे मला सुचायला इतके दिवस लागले, मास्तरीण असून. पाटी, सूप, जुना रुमाल, सगळं घेतलं होतं. डोक्यावरून विमान गेलं, खाली मी एकटी ओणवी. पण शेत स्वच्छ होतं. भेगांत, धसकटांच्या बुडाशी बघितलं. कोणीतरी दाणा अन् दाणा वेचून नेला होता. तासाभराने माझ्या रुमालात सात दाणे होते. त्यातले दोन पोचट.

मग मी वाडीवर गेले. हिराबाई अंगणात सुपात वाल पाखडत होती. मला बघून तिने पाणी दिलं आणि पुन्हा पाखडायला लागली.

"काय काम काढलास?"

"काही नाही, सहज आले."

"बरा." ती पाखडत राहिली. मी तुझ्याबद्दल काहीबाही बोलले, तेराव्याला कोण कोण आलं ते सांगितलं. ती हूं हूं करत होती. मला उठून जावंसं वाटलं. उठलेही. चप्पल घातली आणि तिथेच उभी राहून बोलायला लागले, की हिराबाई, बायचं बी मी घालवलं. वेळेवर कापलं नाही, दुपारी मशीन लावलं, मळणीत मिसळलं. आणि तिला खोटं सांगितलं की ठेवलं. ती गेली तरी सांगितलं नाही.

हिराबाईने सूप खाली ठेवलं. आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं.

"धर," ती म्हणाली. "तुज्या जावेनं सांगितलेला. आमच्या शेतान मधी पडलाय तो सरवा आजच जाऊन वेच, बोलली. कोंबऱ्यांना घालू नको, खाऊ नको, ठेव. धाकटी येल तवा दे."

"येईल असं म्हणाली?"

"मी इचारला, नाय आली तर? तर बोलली, नाय आली तर तू पेर. पन येल, बोलली. तिना सांगाला टाइम लागतो."

मी तिथेच अंगणात बसून रडले, बाय. लाजेने नाही या वेळी. हिराबाईने मला रडू दिलं. मग म्हणाली, अर्धं मी ठेवते, अर्धं तू ने, दोन घरांत असलेलं बरं. मी म्हटलं, तू वेचलंस, तू सगळं ठेवलंस तरी चालेल. तर ती हसली. "सरवा माजा, बी तिचा," म्हणाली. तुमच्यात ही वाटणी कधी ठरली होती कोण जाणे. माझ्या वहीत ती कधी नव्हती.

म्हणजे आपलं भांडण तू जिंकलीस. घरात आलं तेच वाया गेलं आणि मी ज्याला वर्षानुवर्षं नुकसान म्हणून लिहीत आले तेवढंच राहिलं. तू असतीस तर विचारलं असतंस, "मास्तरनी, काय निकाल?" आणि मी काहीतरी फाटा फोडला असता, की हे एकदा झालं म्हणून नेहमी होत नाही. फोडला असताच. आता कोणाशी वाद घालू? हिराबाई वाद घालत नाही.

घरी येऊन गॅलरीतली माझी मुडी सोडली. त्यातलं भात गिरणीत देईन, खायला वाईट नाही. मडक्यातलं भात पेंढ्यात वळलं. माझ्याने तुझ्यासारखी घट्ट होत नाही, दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. बांधायच्या आधी एक दाणा दाढेखाली धरला. कट् वाजला. आत लाल. दुसराही चावला, तुझ्यासारखा. लाल. तिसरा चावला नाही. त्याच्या आत जीव आहे.

मुडी त्याच कडीला टांगली आहे, डोक्याला लागेल इतकी खाली. दार उघडताना आता मी एकटीच वाकेन. हे ऐकून बरा केलास म्हणायला घरात कोणी नाही, तरी सांगते.

बाय, बी ठेवलंय. या खेपेला खरंच.